पाठमोरे फोटो

१

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींत मोरेश्वर आठल्ये एका गोष्टीसाठी ओळखले जात. माणसांशी ते भरभरून बोलत, गप्पांना बसले की त्यांना उठवावं लागे; पण कंपन्यांना ते काही म्हणजे काही सांगत नसत. ग्रोसरीच्या दुकानात गल्ल्यावरची मुलगी सवलतीचं कार्ड मागायची, तेव्हा ते हसून मान हलवत आणि तेच दूध चढ्या भावाने घेऊन घरी येत. इंटरनेटवर क्रेडिट कार्डाचा नंबर त्यांनी कधी टाकला नव्हता. फुकटात मिळणारा ईमेल त्यांना नको होता. फुकट देणारा आपल्याकडून काय घेतोय ते आधी बघावं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोनच्या स्विचिंगमध्ये गेली होती. एका माणसाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत कसं पोचतं आणि मधल्या मधे ते आणखी कुणाला ऐकता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टेलिकॉमचा फुगा फुटला तेव्हा कंपनीने गोड शब्दांत त्यांना घरी बसवलं आणि तेव्हापासून या विषयासाठी त्यांना फारच वेळ मिळू लागला.

रविवारी शॉमबर्गहून शशिकांत यायचा. सत्तरच्या दशकात शिकागोत आले तेव्हापासूनचा मित्र. तो येईल ते नवं यंत्र घेणारा. बाजारात आलेला फोन, कॅमेरा, रस्ता सांगणारा डबा, सगळं त्याच्याकडे पहिल्या महिन्यात. वाद ठरलेला असे.

"अरे मोऱ्या, तुझ्यात कोणाला इंटरेस्ट आहे? मी कुठे जातो, काय खातो, बघू देत की. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, यार."

"लपवायचं नसतं रे. आपण खिडकीला पडदा लावतो तो काय चोर आहोत म्हणून?"

सुवर्णाबाई चहा आणून ठेवत आणि दोघांनाही गप्प करत.

अशा घरात, दोन हजार सहाच्या दिवाळीत, 'नियरहोम'ची फ्रेम आली. प्लेनोहून आसावरीने, त्यांच्या मुलीने, पाठवलेली. दिसायला साध्या फोटोच्या चौकटीसारखी, मागे दोन वायरी: एक विजेची, एक टेलिफोनची. आसावरी तिकडे टेक्सासमध्ये बसून कंपनीच्या साइटवर नातवाचे फोटो चढवणार, आणि ही फ्रेम रोज दुपारी स्वतःच फोन लावून ते उतरवून घेणार. कॉम्प्युटर लागत नाही, काही शिकावं लागत नाही.

मोरेश्वरांनी सोबतचा अटींचा कागद भिंग घेऊन वाचला. फोटो कंपनीच्या मशीनवर राहणार, म्हणजे आपला ओजस कोणाच्या तरी गोदामात पडून राहणार, हे त्यांना पसंत नव्हतं. सुवर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "तुमचं पटतंय मला. आता ती वायर लावा."

त्यांनी लावली. फॅमिली रूममध्ये, सोफ्यासमोरच्या कपाटावर. सोफ्याच्या मागे स्वयंपाकघराचं मोकळं दार. जेवणं झाली की फ्रेममधून नंबर फिरल्याचा बारीक आवाज यायचा, मग कर्कश चीं, खर्र, आणि शांतता. चार वाजता चहा घेऊन दोघं सोफ्यावर बसत. ओजस भोपळ्यावर बसलेला. ओजसच्या तोंडाला केक. ओजसचा पहिला बूट. पंधरवड्यात मोरेश्वरांचा विरोध मावळला, आणि ते स्वतःच पावणेचारला चहाचं आधण ठेवू लागले.

२

नोव्हेंबरअखेरची, थँक्सगिव्हिंगच्या आसपासची गोष्ट. ओजसच्या फोटोंमागून एक वेगळाच फोटो सरकत आला.

एक अरुंद स्वयंपाकघर. भिंतीला पिवळट रंग. खिडकीखाली हिरव्या रंगाने रंगवलेला, खोली गरम ठेवणारा वाफेचा रेडिएटर. चुलीपाशी साडीवर कार्डिगन घातलेली एक तरुण बाई, तिचं लक्ष तव्याकडे. आणि पुढ्यात, चित्राचा निम्मा भाग अडवून, ओव्हरकोटात हात घालणारा एक पुरुष. पाठमोरा.

सुवर्णाबाईंनी कप खाली ठेवला.

"अगं, हे तर आपलं शिकागोचं घर," मोरेश्वर म्हणाले. "तिसरा मजला. तो रेडिएटर बघ, काय ठणठणायचा रात्रंदिवस. मला तर लोहाराशेजारी राहतोय असं वाटायचं."

फोटो पुढे सरकला. तो परत येईपर्यंत ते थांबले आणि त्यांनी तो पुन्हा पाहिला. तो ओव्हरकोट त्यांनी शेजारच्या ग्रीक म्हाताऱ्याकडून घेतला होता, बाह्या लांब होत्या. तव्यावर धिरडं होतं. तेव्हा ज्वारी-बाजरी कुठली मिळायला. मैद्यात कॉर्नचं पीठ घालून सुवर्णाबाई काहीतरी जमवायच्या आणि त्याला भाकरी म्हणायची शपथ दोघांनी घेतली होती. मोरेश्वर सांगत सुटले. सुवर्णाबाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर फ्रेमवरून हलत नव्हती.

संध्याकाळी मोरेश्वरांनी आसावरीला फोन करून शाबासकी दिली. जुना फोटो कुठून मिळवलास, म्हणाले.

"कुठला जुना फोटो, बाबा? I only sent Ojas. माझ्याकडे तुमचे ओल्ड फोटोज आहेतच कुठे?"

खरंच होतं. आठल्यांच्या घरातले आल्बम आसावरीच्या जन्मापासून सुरू होत. त्याआधी त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. शिकागोच्या त्या घराचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता.

आणि त्या घरात आसावरीच्या आधी एक मुलगा होता. शैलेंद्र. शैलू. तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत, पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात, तापाचं निमित्त होऊन दोन दिवसांत तो गेला. हॉस्पिटलने जन्माच्या वेळी काढलेला, दुपट्यात गुंडाळलेला एकच फोटो होता, तो सुवर्णाबाईंच्या कपाटात साड्यांच्या घडीत असे. आसावरीला आपल्याला भाऊ होता एवढंच माहीत होतं. त्याचं नाव या घरात कुणी मोठ्याने घेत नसे. ठरवून नव्हे. एकाने घेतलं नाही म्हणून दुसऱ्याने घेतलं नाही, आणि त्याला तीस वर्षं झाली.

३

मग रोज एक येऊ लागला.

ते दिवस मोरेश्वरांना नंतर आठवले की वाटे, इतकं सुख त्यांना निवृत्तीनंतर कधी मिळालं नव्हतं. लॉन्ड्रोमॅटमधल्या कपडे धुण्याच्या यंत्राची गोल काच आणि तिच्यात फिरणारी सुवर्णाबाईंची निळी साडी. जमिनीवर अंथरलेली गादी, कारण पलंग घ्यायचा होता. डेव्हन अव्हेन्यूवरचं पहिलं देशी दुकान, ज्यात हिंगाची डबी दिसली तेव्हा सुवर्णाबाई भर दुकानात रडल्या होत्या. खिडकीच्या गजावर साचलेला बर्फ, आणि कपाळ काचेला टेकवून बाहेर बघणारे तरुण मोरेश्वर, पाठमोरे. दोघं चार वाजता बसत ते अंधार पडेपर्यंत उठत नसत. लग्नानंतर जेवढं बोलले नसतील तेवढं बोलले. फक्त एका गोष्टीबद्दल नाही.

पण मोरेश्वर इंजिनिअर होते. चहाचा कप रिकामा झाला की त्यांचं डोकं चालू होई. हे फोटो कुठून येतात? त्यांनी एक उपपत्ती मांडली. समोरच्या इमारतीत कुणी हौशी फोटोग्राफर राहत असणार. त्याच्या मुलांनी जुने रोल स्कॅन करून याच कंपनीत चढवले आणि कंपनीच्या मशीनने चेहरे ओळखून ते इकडे लावून दिले. हे लोक काय वाटेल ते करतील. सुवर्णाबाई म्हणाल्या, असेल. समोरच्या इमारतीतून आपल्या स्वयंपाकघराच्या आतला फोटो कसा निघेल, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मोरेश्वरांनी स्वतःला विचारायचं टाळलं.

रविवारी शशिकांत आला. त्याला मोठ्या अपूर्वाईने सोफ्यावर बसवलं. त्या दिवशीचा फोटो असा होता: त्याच घरातला जुना कोच, त्यावर तोंडावर वर्तमानपत्र टाकून झोपलेला शशिकांत, पायातल्या मोज्याला भोक. पुढे मोरेश्वरांची पाठ.

शशिकांत आधी खूप हसला. मग हसणं थांबलं.

"हा कोणी काढला?"

"तेच तर कळत नाही."

"तेव्हा घरात आपण तिघंच असायचो, मोऱ्या. आणि..." त्याने सुवर्णाबाईंकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. मग तो म्हणाला, "मला झोपलेलं कोण बघत होतं?"

लपवण्यासारखं काही नसलेला तो माणूस चहा अर्धा टाकून उठला. बर्फ पडायच्या आत पोचतो, म्हणाला. आकाश निरभ्र होतं. पुढचे दोन रविवार त्याने काहीतरी कारणं सांगितली, आणि मग सांगायचीही बंद केली.

४

मोरेश्वरांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक तरुण मुलगी आली. तिने अदबीने खातं तपासलं. तुमच्या खात्यात आसावरी नावाच्या एकाच व्यक्तीचे फोटो आहेत, सगळे एका लहान मुलाचे. दुसरं काही नाही, कधीच नव्हतं. मोरेश्वर म्हणाले, मी आत्ता समोर बघतोय. ती म्हणाली, सर, फ्रेम तेच दाखवू शकते जे आम्ही पाठवतो.

हे वाक्य त्यांना लागलं. जन्मभर ते हेच सांगत आले होते: तारेच्या या टोकाला तेच निघतं जे त्या टोकाला कुणीतरी घातलेलं असतं.

मग दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते तळघरात गेले. तिथे त्याच लाइनीवरचा एक जुना फोन भिंतीला होता. वर फ्रेमने नंबर फिरवला. मोरेश्वरांनी हलकेच रिसीव्हर उचलून कानाला लावला. चीं, खर्र, तो नेहमीचा दोन मशीनांचा गोंगाट. नीट चाललंय. ते ठेवणार, एवढ्यात गोंगाट ओसरला, आणि त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी ऐकू आलं.

टण्. टण्... टण्.

लोखंडावर आतून कुणी ठोकतंय तसं. वाफेच्या रेडिएटरचा आवाज. नेपरव्हिलच्या या घरात रेडिएटर नव्हता. इथे गरम हवा छतातल्या जाळीतून येई, निमूट. आणि त्या ठणठणाटाच्या अलीकडे, रिसीव्हरच्या अगदी जवळ, श्वास. बारीक, सूं सूं करणारा. चोंदलेल्या नाकाने लहान मूल घेतं तसा.

क्रॉसटॉक, मोरेश्वरांनी स्वतःला सांगितलं. शेजारच्या लाइनीवरचं बोलणं आपल्या लाइनीत झिरपतं, ही रोजची गोष्ट आहे. कुणाच्या तरी घरात रेडिएटर असेल, कुणाचं तरी पोर सर्दीने बेजार असेल. त्यांनी हा खुलासा दोनदा मनात म्हटला. मग रिसीव्हर ठेवला, आणि जिना चढताना लक्षात आलं की आपण कठडा घट्ट धरलाय.

सुवर्णाबाई वर ओटा पुसत होत्या. "काय ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. खरखर."

त्यांनी मान डोलावली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

५

डिसेंबर सरताना जो फोटो आला, त्याने मोरेश्वरांची उपपत्ती मोडली.

रिकामी खोली. भिंतीवर चौकटींचे फिकट डाग, जमिनीवर पाळण्याच्या चार पायांच्या खुणा. दारात उभे मोरेश्वर, पाठमोरे, एका हातात किल्ली. फोटो त्यांच्या कमरेच्या खालून घेतलेला. कोटाचा पट्टा मोठा दिसत होता आणि डोकं लांब, वर. त्यांचा दुसरा हात मागे वळला होता. तळवा सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येत होता, इतका जवळ की बोटं पुसट झाली होती.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. शिकागोचं घर सोडलं तो दिवस. खाली ट्रकमध्ये शशिकांत आणि सुवर्णाबाई बसले होते. काही राहिलं का बघून येतो म्हणून ते एकटेच वर आले होते. राहिलं काहीच नव्हतं. ते दारात उभे राहिले आणि त्या खुणांकडे बघत राहिले. मग निघताना कोट कशाततरी अडकल्यासारखा वाटला. जिन्याच्या खिळ्यात असेल. मागे न बघताच त्यांनी हाताने तो सोडवला, आणि भराभर खाली गेले.

शैलूला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

मोरेश्वरांनी मनात सगळे फोटो पहिल्यापासून आठवले. पहिल्यात चूल उंच, डोंगरासारखी होती. कोचावरच्या शशिकांतचे तळपाय नजरेच्या पातळीवर. काचेला कपाळ टेकलेले ते स्वतः, खालून वर पाहिल्यासारखे. एकाही फोटोत कुणी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. आणि एकही फोटो असा नव्हता ज्यात त्यांची पाठ नव्हती.

फ्रेममध्ये ओजस आला. त्याच्या हातात फुगा होता.

६

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

सुवर्णाबाई स्वेटर विणत होत्या. त्यांनी सुया थांबवल्या नाहीत.

"पहिल्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कंपनीला फोन करणार होतात. म्हटलं, करून होऊ दे."

बाहेर बर्फ पडू लागला होता. शेजारच्या घरासमोर कुणीतरी फावड्याने वाट मोकळी करत होतं, त्याचा खरवडल्यासारखा आवाज येत होता.

"तुम्ही सकाळी निघालात की तो तुमच्या कोटाचं टोक धरून दारापर्यंत यायचा," त्या म्हणाल्या. "रोज. तुम्ही घाईत असायचात. ट्रेन चुकेल म्हणून मागे हाताने सोडवायचात आणि जायचात. तुमची चूक नव्हती ती, सगळेच बाप जातात. पण तो परत फिरायचा नाही. दार लागलं तरी तिथेच उभा राहायचा. मी उचलून आणायचे."

इतक्या वर्षांत त्या त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होत्या. आवाज कुठे कापला नाही. जणू काल-परवाचं सांगत होत्या.

"सुवर्णा, हे बरं नाही. मी ते काढून टाकतो."

"आज नको."

"तुला भीती नाही वाटत?"

सुवर्णाबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "इतकी वर्षं मला भीती वाटायची की तो अजून तेवढाच असेल. त्याच दाराशी. तो वाढलाय हो. एवढंच."

त्या रात्री जेवताना मोरेश्वरांनी पहिल्यांदाच पाठ भिंतीला येईल अशी खुर्ची घेतली. सुवर्णाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचं ताट तिकडे सरकवलं.

७

जानेवारीत वर्षं भराभर सरकू लागली. नेपरव्हिलचं हे घर, नवं कोरं, अंगणात माती. मोरेश्वर मेपलचं रोप लावताहेत. आसावरीचा पाळणा, त्यावर वाकलेले मोरेश्वर, आणि त्यांच्या कोपराखालून कुणीतरी पाळण्यात डोकावल्यासारखं. आसावरीचा पहिला शाळेचा दिवस. गणपतीची आरती, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, टाळ्या वाजवणारे सगळे तरुण. त्यातले दोघं-तिघं आता नाहीत. सुवर्णाबाई एकेकाचं नाव घेत. त्या फोटोंत इतकं काही होतं, की क्षणभर मोरेश्वरही विसरत आणि म्हणत, "अगं, ही शैलजा बघ, किती बारीक होती."

मग आठवण येई की हे कुठून बघितलेलं आहे.

कमरेवरून बघणारी नजर छातीपर्यंत आली. मग खांद्यापर्यंत. आसावरीच्या ग्रॅज्युएशनच्या फोटोत ती मोरेश्वरांच्या कानाच्या रेषेत होती. त्यानंतरच्या फोटोत त्यांना स्वतःच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं, वरून. ते टक्कल त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

आणखी एक होतं. जुन्या फोटोंत मधे चार पावलांचं अंतर असे. आता ते कमी होत चाललं होतं. नोकरी गेली त्या दिवशी खोकं घेऊन गाडीकडे जाणारे मोरेश्वर हातभर अंतरावर होते. दिवाळीत फ्रेमची वायर लावायला वाकलेले मोरेश्वर त्याहून जवळ. मग खोल्या दिसेनाशा झाल्या. नुसती मान, कॉलर, कानामागचा तीळ. कॉलर परवाच्या शर्टाची होती.

मोरेश्वरांनी हिशेब केला नाही, करायची गरज नव्हती. उद्याचा फोटो आजचा असणार.

त्या दुपारी जेवण आटोपल्यावर, फ्रेमने नंबर फिरवायच्या आत, ते कपाटापाशी गेले आणि दोन्ही वायरी उपटल्या. काच काळी झाली. त्यांना वाटलं होतं सुवर्णाबाई आकांत करतील. त्या सोफ्यावर बसून होत्या.

"राहू द्या बंद," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला आता त्या डब्याची गरज नाही."

हे म्हणताना त्या मोरेश्वरांकडे बघत होत्या. म्हणजे जवळजवळ त्यांच्याकडे. नजर त्यांच्या खांद्याच्या किंचित वर होती.

८

आसावरीला त्यांनी फ्रेम बिघडली असं सांगितलं. ती म्हणाली, दुसरी पाठवते. ते म्हणाले, नको, तुम्हीच या. मार्चमध्ये येतो, जावयाला, अमितला, सुट्टी मिळाली की, असं ठरलं. घर पुन्हा पूर्वीसारखं झालं. सकाळी पेपर, दुपारी जेवण, चारला चहा.

फक्त सुवर्णाबाई बदलल्या होत्या. त्या हसतमुख झाल्या होत्या. गुणगुणत पोळ्या लाटायच्या. मोरेश्वरांशी बोलता बोलता त्यांचे डोळे वर जायचे आणि तिथेच थांबायचे, आपण दोन माणसांशी बोलत असलो की थांबतात तसे. मोरेश्वर पॅसेजमधून पुढे गेले, तरी त्या भिंतीला टेकून क्षणभर उभ्या राहायच्या, आणि मगच निघायच्या. कुणाला तरी वाट दिल्यासारख्या.

मोरेश्वर मागे बघत नव्हते. सुरुवातीला हट्टाने, मग सवयीने. गाडीतला मधला आरसा त्यांनी छताकडे वळवून ठेवला. दाढी स्पर्शाने करू लागले. आयुष्यभर ते म्हणत आले होते की मला न विचारता मला कुणी बघता कामा नये, आणि आता त्यांना कळेना की तक्रार कोणाकडे करायची, आणि तक्रार आहे का. कधी पलंगावर बसून मोजे चढवताना मानेवर ऊब लागल्यासारखी वाटे. ती भीतीची नव्हती. जवळ कुणी उभं असलं की लागते तेवढीच. त्याचंच त्यांना भय वाटे.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, पाच वाजायला आले असतील, मोरेश्वर सिंकपाशी चहाचे कप विसळत होते. सुवर्णाबाई मागे टेबलापाशी मेथी निवडत होत्या. बाहेर अंगणात अंधार उतरला होता, आत दिवा होता, आणि सिंकवरच्या खिडकीची काच काळी होऊन तिचा आरसा झाला होता. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचं तोंड काचेसमोरच होतं. डोळे मिटायला उशीर झाला होता.

काचेत त्यांचा स्वतःचा चेहरा होता, थकलेला. त्याच्या मागे, थोडं वर, कपाळ. रुंद, केस मागे गेलेले, मोरेश्वरांच्या वडिलांचं होतं तसं. चेहरा त्यांच्याच डोक्यामागे झाकला गेला होता. पस्तिशीच्या माणसाचं कपाळ.

नळ वाहत होता. मोरेश्वरांनी तो बंद केला. त्यांनी दोन्ही हात ओट्यावर टेकवले. मागे वळायचं त्यांच्याने झालं नाही. पण बोलायचं झालं.

"शैलू," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनाच तो नीट ऐकू आला नाही.

टेबलापाशी सुवर्णाबाईंच्या हातातली जुडी थांबली.

काचेतलं ते कपाळ हललं. हळूच खाली आलं, मोरेश्वरांच्या कानाच्या बाजूला. उंच मुलगा म्हाताऱ्या बापाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून वाकतो, तसं.